उरल्या भाकरीचं रात्रीचं जेवण

गळीत हंगामात आपल्या घरातला एक हिशेब हमखास चुकतो. तो उसाच्या वजनाचा नव्हे, भाकरीचा. टोळी आपल्या फडात शिरली की घरची बाई पहाटे चारला परात पुढे ओढते. तोडीवर देखरेखीला किती माणसं जातील, वाहनाबरोबर कोण येईल, पाहुणा-रावळा कोण टपकेल, याचा अंदाज धरून ती भाकरी थापत सुटते. दुपारी कळतं की चिठ्ठी दुसऱ्या फडाची निघाली, किंवा ट्रॅक्टर नालीत रुतला, किंवा जेवायला येणारे चौघे शेजारच्याच वस्तीवर जेवून बसले. भाकरी टोपल्यात तशाच राहतात. कमी पडल्या तर बाईची अब्रू जाते, म्हणून त्या जास्तच होतात. हा अनुभव नाही असं घर आपल्या कार्यक्षेत्रात सापडायचं नाही.

मागे एका हंगामात, संक्रांत होऊन गेल्यावर, आम्ही महाकाळ्याच्या पुढे डाव्या कालव्याच्या अंगाला एका सभासदाच्या वस्तीवर गेलो होतो. काम दुसरंच होतं, खोडव्याच्या व्यवस्थापनावर चार शब्द लिहून घ्यायचे होते. ऊस तुटून पडलेला, मोळ्या बांधलेल्या, आणि वाहन मात्र रस्त्यातच काळ्या रानात आस टेकून बसलेलं. शेजारच्यांनी आदल्या रात्री पाणी दिलं होतं, वीज रात्रीचीच असते त्याला कोण काय करणार! आम्ही पोचलो तेव्हा दिवस मावळतीला आला होता. ओट्यावर आजी बसल्या होत्या, पुढ्यात भाकरीचं टोपलं.

"बघा साहेब," त्या म्हणाल्या, "मोटार काय येईना अन् भाकरी काय सरंनात."

आम्ही मोजल्या, वीस निघाल्या. खेरीज सहा-सात पोळ्या, अर्धं भगुनं वरण आणि पातेलंभर भात. एका किलो पिठाच्या जेमतेम नऊ-दहा भाकरी होतात. म्हणजे दोन किलो ज्वारी नुसती टोपल्यात पडून होती, आणि हल्ली उसाच्या पट्ट्यात ज्वारी पिकवणारे कितीजण राहिलेत? बहुतेकांना शाळू विकतच आणावा लागतो.

"आता काय करायचं?" आम्ही विचारलं.

"करायचं काय? रातीला पोरं-माणसं ताजं खातील. हे म्या अन् सून, दोघी मिळून सकाळी खाऊ. दोन दिस पुरतंय."

आतून सूनबाईंचा आवाज आला, "काहून हो आत्या? शिळं आपल्या दोघींनाच लई गोड लागतं का?"

आजी हसल्या. पण खरं सांगायचं तर आम्हाला हसू आलं नाही. खोडव्याचं राहिलं बाजूला, आणि हा लेख तिथून सुरू झाला.

त्या संध्याकाळी सूनबाईंनी वेगळी चूल पेटवून ताजा स्वयंपाक केला नाही. होतं त्याचंच जेवण केलं आणि सगळ्यांना एका पंगतीत वाढलं. आम्ही चुलीपाशी बसून पाहिलं, ते जसंच्या तसं सांगतो.

पहिल्यांदा भाकरी. बारा भाकरी त्यांनी हातानेच मोडल्या, रुपयाच्या नाण्याएवढ्या. चुरा करायचा नाही, चुरा केला की लगदा होतो. त्या कुटक्यांवर मीठ घातलेलं आंबटसर पातळ ताक शिंपडलं, साधारण लिटरभर, आणि वर झाकण ठेवून पाव तास बाजूला सारलं. तेवढ्यात लोखंडी कढईत तेल तापवलं. मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण मूठभर (आजींच्या मते दोन मुठी), हिरव्या मिरच्या, कढीपत्ता, हळद आणि दोन मोठे कांदे उभे चिरून. कांदा लालसर झाला की भिजलेले कुटके घातले. खाली उरलेल्या ताकात चमचाभर डाळीचं पीठ कालवून तेही ओतलं. डाळीचं पीठ कशाला, तर ताक फाटत नाही. मग जाळ ओढून घेतला, झाकण घातलं आणि मंद आचेवर वाफ येऊ दिली. वरून भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट आणि कोथिंबीर. ताक-कुटके म्हणा, फोडणीची भाकर म्हणा, प्रत्येक घराचं नाव वेगळं. कोणी ताकाऐवजी नुसता पाण्याचा हबका मारून कोरडी करतात. तीही चांगली लागते, पण म्हाताऱ्या माणसांच्या दातांना ताकातलीच बरी.

पोळ्यांच्या सुरीने पट्ट्या कापल्या. वरण दिवसभर वैलावर निखाऱ्याच्या धगीला होतं, त्यामुळे गरम होतं. त्यात दोन तांबे पाणी, चिंचेचा कोळ, गुळाचा खडा, तिखट आणि आपल्या मराठवाड्याचं येसर दोन चमचे घालून खळाखळा उकळलं. उकळीला आल्यावर पट्ट्या सोडल्या. खरी वरणफळं कच्च्या कणकेची असतात हे आम्हालाही ठाऊक आहे, आणि कोणी जाणकार आजीबाई आमची चूक काढतील हेही. पण थंडीच्या रात्री वरून तुपाची धार आणि बाजूला कच्चा कांदा असला की वादाला जागा राहत नाही. घरातल्या दोन पोरांनी पोळीची भाजी म्हणून नाक मुरडलं होतं, तीच ताटं चाटून उठली.

उरलेल्या आठांपैकी दोन भाकरी कुस्करून, गूळ-तूप लावून मलिद्याचे लाडू वळले. सहा भाकरी तव्यावर ठेवून अगदी मंद निखाऱ्यावर कडक केल्या. अशी खुटखुटीत भाकर कोरड्या डब्यात चार-पाच दिवस राहते, चटणीबरोबर फडात न्यायला बरी.

यात एक शास्त्र आहे, आणि ते ध्यानात ठेवलं तर उरलेलं अन्न हाताळणं सोपं जातं. पीठ शिजताना त्यातला पिष्टमय पदार्थ पाणी शोषून फुगतो, मऊ होतो. थंड झालं की तोच पदार्थ पुन्हा घट्ट बांधला जातो आणि पाणी बाहेर सोडतो. भाकर कडक होते ती केवळ वाळते म्हणून नव्हे. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून भाकर पोळीपेक्षा लवकर अवघडते आणि मोडते. ओलावा आणि उष्णता दोन्ही एकदम दिली की ही गाठ बरीचशी सुटते. नुसती कोरडी तापवली तर ती आणखी कडक होते. म्हणून ताकाची वाफ, म्हणून वरणाची उकळी. आपल्या आज्यांना पिष्टाचं नाव माहीत नव्हतं, पण काम माहीत होतं. आणि एक गंमत अशी की ही गाठ थंडीत जास्त वेगाने बसते. भाकर मऊ राहावी म्हणून फ्रीजमध्ये ठेवतात, तिथे ती बाहेरच्यापेक्षा लवकर कडक होते. फ्रीज बुरशी लांबवतो, मऊपणा राखत नाही.

राहिला भात. आजी म्हणाल्या, ह्यालाही फोडणी दे. सूनबाईंनी मात्र भाताला हात लावला नाही. भात सकाळी अकराचा, भगुन्यात दाबून भरलेला, दिवसभर कोमट राहिलेला. त्यांचं बरोबर होतं. भाताबद्दल आपल्याकडे फारच गैरसमज आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

तांदळात मातीतून आलेल्या एका जंतूची बीजं असतात. ती शिजवल्याने मरत नाहीत. शिजलेला भात तासन् तास कोमट राहिला की ती उगवतात, वाढतात आणि भातात विष सोडतात. हे विष नंतर कितीही फोडणी दिली, कितीही परतलं, तरी जात नाही. खाल्ल्यावर काही तासांत उलट्या सुरू होतात, आणि आपण म्हणतो, बाहेरचं काही लागलं असेल. वासावरून ते कळेलच असं नाही. म्हणून नियम साधा: शिजलेलं अन्न एकतर चांगलं कढत ठेवावं, नाहीतर लवकर गार करावं. मधल्या कोमट अवस्थेत दोन तासांवर ठेवू नये. आपल्या भागात उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो, तेव्हा तासभरच धरावा. रात्रीला फोडणीचा भात करायचाच असेल तर दुपारीच भात परातीत पसरून गार करावा आणि फ्रीज असेल तर पाच अंशांच्या आत ठेवावा. दिवसातून सहा-सहा तास वीज जात असेल तर फ्रीज नुसतं कपाट आहे असं समजावं. मटणाचा रस्सा, दुधाचे पदार्थ, ओल्या नारळाचं वाटण यांना तर दुसऱ्या दिवसाचा भरवसाच देऊ नये. पुन्हा तापवताना मध्यापर्यंत वाफ येईतो तापवावं आणि एकदाच तापवावं. बुरशीचा ठिपका दिसलेली भाकर तेवढा तुकडा मोडून खाऊ नये, सबंध टाकावी.

दुसरी खबरदारी भांड्याची. ताक, चिंच, टोमॅटो घातलेलं कोरड्यास पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात राहिलं की कळकतं, हिरवट चव येते. ते कोणीही खाऊ नये. कल्हईवाले आता दारावर फिरकत नाहीत, म्हणून पितळी भांड्यांची शोभा मांडणीवरच ठेवलेली बरी.

मग भाताचं काय करायचं? म्हातारबा बाजेवरून म्हणाले, "टाका म्हशीपुढं, काय झालं?" हे ऐकल्याबरोबर सूनबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांच्या माहेरी एका लग्नात उरलेला भात आणि पोळ्या कोणीतरी घमेलंभर गाईपुढे ओतल्या होत्या. पुण्य लागेल म्हणून. दुसऱ्या दिवशी गाय रवंथ करीना, पोट टणक झालं, आंबट वासाचं पातळ शेण पडू लागलं, आणि तिसऱ्या दिवशी ती उठलीच नाही.

पशुपालक सभासदांनी ही गोष्ट विसरू नये. जनावराचं पोट वैरणीसाठी बनलेलं आहे. भात, भाकरी, पोळी, पुरण, पीठ असं शिजलेलं किंवा दळलेलं धान्य एकदम भरपूर पोटात गेलं की ते तिथे झपाट्याने आंबतं, आम्ल तयार होतं आणि कोठीपोटातले उपयोगी जंतू मरतात. जनावर खाणं-पिणं सोडतं, दात खातं, लडखडतं. असं दिसलं की घरगुती उपायांत वेळ न दवडता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावं, काय खाल्लं आणि किती ते न लपवता सांगावं. लग्नसराईत आणि पोळ्याच्या सणाला ही प्रकरणं हमखास होतात. पोळ्याला बैलाला पुरणपोळी द्यावी, एक द्यावी, टोपलं देऊ नये. त्या रात्री मूठभर भात कोंबड्यांना गेला, बाकीचा उकिरड्यात पुरला. सगळंच वाचवता येत नाही हे कबूल केलं पाहिजे.

जेवताना गोष्टी निघाल्या. म्हातारबा १९७२ च्या दुष्काळात सतरा वर्षांचे होते. खडी फोडायला जात. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो. त्या मिलोची भाकर थापताना हाताला चिकटायची नाही, तव्यावर चिरायची, गार झाली की घास घशाखाली उतरायचा नाही. "तवा शिळं-ताजं असा शबुदच नव्हता," ते म्हणाले, "हाय का न्हाई, येवढंच." पुढे १९७६ साली पैठणचं धरण पुरं झालं, डाव्या कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, चार पैसे आले. तरी पाण्याने पाठ फिरवली की काय होतं ते आपण २०१२-१३ साली जालना जिल्ह्यात पाहिलंच. पोटच्या पोरासारख्या वाढवलेल्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. ज्याने हे पाहिलं त्याचा हात भाकर टाकताना अडखळतो. तरुण पोरांचा अडखळत नाही, यात त्यांचा दोष थोडा आणि आपल्या लग्नांतल्या पंगतींचा जास्त आहे.

ही गोष्ट आपल्यापुरतीच आहे असंही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली अहवाल काढला, त्यात २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेल्याचा अंदाज दिला आहे. त्यातलं ६० टक्के घराघरांतलं. आपल्या देशाचा घरगुती आकडा माणशी वर्षाला ५५ किलो आहे. त्यात साली, देठं, हाडंही धरलेली आहेत हे खरं, पण त्या वजा घातल्या तरी उरतं ते थोडं नाही. आपल्या कारखान्यांत एक टन ऊस गाळल्यावर पावणेतीनशे ते तीनशे किलो बगॅस उरतो, आणि त्याच बगॅसवर बॉयलर पेटतो, वीज होते. मळीचं मद्यार्क, प्रेसमडचं खत. कारखान्यात उरलेल्याला किंमत आहे कारण तिथे वजनकाटा आहे. घरात वजनकाटा नाही.

घरात उरलेलं कोणाच्या वाट्याला येतं, हाही प्रश्न आहे, आणि सूनबाईंनी तो चुलीपाशी बसून नीट मांडला. आपल्यात शिळं, उष्टं आणि खरकटं यांत फरक करतात. खरकटं टाकायचं, उष्टं दुसऱ्याला द्यायचं नाही, शिळं मात्र चालतं. श्रावणातल्या शीतला सप्तमीला तर चूल न पेटवता आदल्या दिवशीचंच खायची चाल आहे, आणि त्या दिवशी घरधनीही तेच खातो. गोपाळकाल्यात तर ज्याच्या त्याच्या शिदोरीतलं एकत्र कालवतात आणि प्रसाद म्हणून हात पुढे करतात. म्हणजे शिळ्यात कमीपणा नाही. कमीपणा येतो तो ते एकटीच्या ताटात पडतं तेव्हा. पुरुष ताजं जेवणार, मग पोरं, मग म्हातारी, आणि शेवटी ज्या बाईने पहाटे चारला भाकरी थापल्या ती कोपऱ्यात बसून कालची भाकर आणि भगुन्याच्या बुडाचं कालवण खाणार. कधी भाजी सरलेली असते, मग मिठा-मिरचीशी खाणार.

"आमच्या आत्यांनी चाळीस वर्षं तेच केलं," सूनबाई म्हणाल्या. "मी आले तसं त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं, येवढाच फरक."

आजी काही बोलल्या नाहीत. लसूण सोलत राहिल्या.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षांच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्याची कारणं पुष्कळ आहेत, सगळा दोष शिळ्या भाकरीवर ढकलणं बरोबर नाही. ज्वारीची भाकर शिळी झाली म्हणून तिचं सत्त्व जात नाही. पण शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात डाळ, भाजी, दूध, अंडं यातलं काय उरतं, ते आपापल्या घरी एकदा बघावं. आमचा अनुभव सांगायचा तर या वस्तीवर त्या रात्री वेगळं घडलं ते एवढंच की शिळ्याला फोडणी मिळाली, त्यात डाळ-दाणे-ताक पडलं, आणि ते पातेलं पंगतीच्या मधोमध आलं. म्हातारबांनी कुटके दोनदा मागून घेतले. आम्ही तीनदा घेतले, लपवून काय उपयोग! आजी आणि सूनबाईही त्याच पंगतीत बसल्या, कारण तव्यावर टाकायची भाकरच नव्हती आणि कोणाला उठून वाढायचं नव्हतं. आजींनी दोनदा उठायचा प्रयत्न केला, नातवाने पदर धरून खाली बसवलं.

एक आणखी, जाता जाता. टोळीच्या कोप्यांवर उरलेलं अन्न देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. हेतू चांगला असतो. पण दुपारचा कोमट भात आणि सणाचं तिसऱ्या दिवसाचं पुरण आपल्या पोराला देणार नाही ते त्यांच्या पोरालाही देऊ नये. तिथली लेकरं आजारी पडली तर दवाखाना त्यांना आपल्यापेक्षा लांब असतो आणि खाड्याची मजुरी बुडते. द्यायचंच तर उरल्या उरल्या, ऊन असताना द्यावं. नाहीतर कोरडं पीठ द्यावं.

आम्ही निघेपर्यंत अकरा वाजत आले होते. तेवढ्यात बांधाकडून उजेड दिसला, दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून काढलेलं वाहन घरघरत फडाच्या कडेला येऊन लागलं. ड्रायव्हर आणि त्याचा जोडीदार चिखलाने माखलेले, दुपारपासून पोटात काही नाही. सूनबाईंनी टोपल्यावरचं फडकं उचललं. कडक केलेल्या सहा भाकरी होत्या, पण कढई पुसून लख्ख झाली होती आणि वरणाचं भगुनं पोरांनी केव्हाच निपटलं होतं.

"बसा लेकराहो, हातपाय धुवा," आजी म्हणाल्या, आणि परात पुढे ओढून डब्यातलं पीठ काढायला लागल्या. यावेळी त्यांनी मोजून सहा भाकरींचं पीठ घेतलं, थोडा वेळ थांबल्या, आणि आणखी दोन मुठी घातल्या.